हस्तूर ते हस्तर : वैश्विक भयकथेचा एक प्रवास

भयकथेला विद्यापीठीय समीक्षेने प्रायः दाराबाहेरच उभे केले आहे. रंजनपर म्हणून तिची बोळवण केली की विवेचनाची जबाबदारी संपते, असा सोयीस्कर समज त्यामागे आहे. या समजाची किंमत तौलनिक साहित्याभ्यासाला मोजावी लागते, हे एका नावाच्या प्रवासावरून दिसून येईल.

अँब्रोझ बिअर्स या अमेरिकन लेखकाच्या १८९१ मधील एका कथेत हस्तूर ही मेंढपाळांची सौम्य देवता आहे. रॉबर्ट चेंबर्सच्या 'द किंग इन यलो' (१८९५) या संग्रहात तेच नाव कधी स्थळाचे, तर कधी व्यक्तीचे होते. एच. पी. लव्हक्राफ्टने (१८९०-१९३७) १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या कथेत त्याचा ओझरता उल्लेख केला, आणि त्याच्या पश्चात ऑगस्ट डर्लेथने त्या नावाला अतिप्राचीन दुष्ट शक्तीचे रूप दिले. स्टीफन किंगच्या 'ग्रॅमा' (१९८४) या कथेत ते एका आजीच्या अघोरी उपासनेशी जोडले गेले. त्या कथेची छाया असलेली 'आजी' ही नारायण धारप (१९२५-२००८) यांची मराठी कथा. तिच्यातून प्रेरणा घेऊन राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड' (२०१८) या हिंदी चित्रपटाचा आरंभीचा भाग आकारला. या चित्रपटाचे शीर्षक श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' (१९८७) या कादंबरीवरून आले. आणि त्यातील दैवताचे नाव आहे हस्तर.

नाव आले, पण त्याबरोबर भयाची मूळ कल्पना आली काय?

लव्हक्राफ्टच्या भयाचे मर्म भुताखेतांत नाही. भुताला अतृप्त वासना असते, म्हणजेच माणसाशी नाते असते. 'द कॉल ऑफ कथुलू'मधील (१९२८) शक्तीला असे नाते नाही. माणूस तिच्या खिजगणतीतच नाही. विश्व शत्रू नसून उदासीन आहे, हे ज्ञानच तेथे असह्य होते. गीतेच्या अकराव्या अध्यायातील अर्जुनही विश्वरूपाने भयभीत होतो; परंतु त्याच्या विनवणीवरून ते रूप पुन्हा सौम्य होते. ज्ञानेश्वरांना त्या अध्यायात शांत आणि अद्भुत या रसांचा संगम दिसला, तो या आश्वासनामुळेच शक्य झाला. लव्हक्राफ्टच्या विश्वात विनवणी ऐकणारे कोणीच नाही.

'तुंबाड'मधील विश्व मात्र उदासीन नाही. हस्तर हा पूर्तीच्या देवीचा पहिला पुत्र. सोने आणि धान्य या दोहोंचा लोभ धरल्यामुळे तो दंडित झाला. त्याला सोने मिळाले, अन्न मिळाले नाही. म्हणूनच विनायक कणकेची बाहुली घेऊन देवीच्या गर्भात उतरतो, भुकेल्या हस्तरला भुलवून मुद्रा लुटतो आणि ती विद्या मुलाला शिकवतो. येथे पाप आहे, शाप आहे आणि शासनही आहे. हे वैश्विक भयाचे नीतिकथेत झालेले अवमूल्यन होय, असा आक्षेप घेता येईल. डर्लेथवरही तो घेतला गेलाच आहे.

आक्षेपात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. लव्हक्राफ्टची उदासीनता तो मानतो तितकी निर्मळ नाही. 'द हॉरर ॲट रेड हुक' (१९२७) या कथेत न्यूयॉर्कमधील स्थलांतरितांचा तिटकारा उघडपणे भयाचे रूप घेतो. त्याचे 'बाहेरचे' अनेकदा विश्वाच्या नव्हे, तर स्वतःच्या समाजाच्या सीमेबाहेरचे असते. वर्ल्ड फँटसी पुरस्काराच्या मानचिन्हावरील त्याची प्रतिमा वगळण्याचा निर्णय २०१५ मध्ये जाहीर झाला, तो याच वादातून. भारतीय वाचक ज्या जगातून येतो, ते जग या कथांत बहुधा संशयितांच्या रांगेत उभे असते.

'तुंबाड'ने ही दिशा उलटवली. तेथे अघोर परक्याच्या वस्तीतून येत नाही. ते स्वतःच्या वाड्याच्या तळाशी असते आणि बापाकडून मुलाकडे जाते. विश्वाच्या उदासीनतेचा अनुभव त्यात हरवला, ही हानी खरी. परक्याला दोष देण्याची सोय संपली, हा लाभही तितकाच खरा.

अशा व्यवहाराला 'अनुकरण' म्हणून निकालात काढणे किंवा 'स्वतंत्र प्रतिभा' म्हणून त्याचे ऋण झाकणे, दोन्ही आळसाचेच प्रकार होत. मूळ कथा, मराठी कथा आणि चित्रपट शेजारी ठेवून ओळीओळीने वाचणे हे तौलनिक अभ्यासाचे प्राथमिक काम आहे. ते व्हायचे, तर धारपांच्या पुस्तकांना प्रथम ग्रंथालयाच्या अभ्यासकक्षात जागा मिळाली पाहिजे.