काटकसर आणि चलनाचें मोल

काटकसर करावी असें आम्ही विद्यार्थ्यांस नेहमीं सांगतों; पण सांठविलेल्या पैशाचेंच मोल झडूं लागलें तर काय होतें, हें १९२३ सालीं जर्मनीनें पाहिलें. पहिल्या महायुद्धापूर्वीं एका डॉलरास सुमारें ४.२ मार्क पडत. पुढें सरकारनें आपला खर्च भागविण्यासाठीं बेसुमार नोटा छापल्या, आणि १९२३ च्या नोव्हेंबरांत त्याच डॉलरास ४ लक्ष २० हजार कोटि मार्क पडूं लागले. जन्मभर पेढींत सांठविलेली पुंजी एका पावासही पुरेना. उलट, शेत गहाण टाकणारा ऋणको कवडीमोल नोटा देऊन मोकळा झाला. धनकोस आंकडा पुरा मिळाला, मोल मिळालें नाहीं. १९२५ सालच्या कायद्यानेंही गहाणाच्या कर्जांचें मोल मूळच्या चौथाईइतकेंच पुन्हां धरिलें.

ऋणकोच्या या लाभास आम्ही सुदैव म्हणत नाहीं. तो दुसऱ्याच्या घामाचा पैसा होय. चलनाचें मोल राखणें हें सरकारनें काटकसरी माणसास दिलेलें वचनच आहे. म्हणून, पालकहो, मुलांस काटकसरीबरोबर हा हिशेबही शिकवावा: व्याज शेंकडा ६ आणि महागाई शेंकडा ८ असेल, तर वर्षाअखेर पेढीच्या पुस्तकांतील रक्कम वाढते, पण तिच्यांत येणारें धान्य घटतें.