अठरा पूर्ण झाली? मग कागद करा

भांडगावात, यवतला, चौफुल्याकडच्या वस्त्यांवर अशी घरं आहेत. पोरगा पंचवीस-तिशीचा. आज कुठली म्हैस चाऱ्याला तोंड लावणार नाही, हे त्याला सकाळीच कळतं. पण शंभराची नोट आणि पाचशेची नोट त्याला सारखीच. लोक म्हणतात, भोळा आहे. आई म्हणते, मी आहे ना.

तुम्ही आहात तोवर ठीक. तुमच्यामागे काय, ते आजच बघा.

पहिलं काम दिव्यांग प्रमाणपत्राचं. त्याचंच ओळखपत्र म्हणजे यूडीआयडी कार्ड. अर्ज ऑनलाइन होतो, महा ई-सेवा केंद्रात भरून घ्या. तपासणी सरकारी दवाखान्यात. ससून मिळालं तर यवतहून पुण्याची गाडी धरा, स्टेशनला लागूनच आहे. शाळेचे जुने दाखले, औषधांच्या चिठ्ठ्या बरोबर घ्या. आणि डबा घ्या. उपाशी पोरगं धड उत्तर देत नाही.

तपासणारे त्याच्याशी बोलतात, चित्रं दाखवतात, मोजायला सांगतात. तेव्हा मध्ये बोलू नका. आमच्या नात्यातली एक माउली लाजेपोटी सारखी म्हणत होती, "येतं हो त्याला सगळं." असं करून आपणच त्याची टक्केवारी कमी करतो. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के लागतात. जे येत नाही ते दिसू द्या. त्यात कमीपणा कसला?

कार्ड आलं की दौंडच्या तहसील कचेरीत संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज द्या. दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून महिन्याला २५०० रुपये ठरलेत. उत्पन्नाचा दाखला लागतो. पुढे दरवर्षी हयातीचा दाखला विसरू नका, नाहीतर पैसे थांबतात. एसटीला ७५ टक्के सवलत आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हेच घरोघरी राहून जातं. अठरा पूर्ण झाली की कायद्याने तो सज्ञान. जमीन त्याच्या नावावर असेल तर "मी बाप आहे" एवढ्यावर तुमची सही चालत नाही. यासाठी १९९९चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता, या चौघांसाठी. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमून देते. कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. आईवडील अर्ज करू शकतात, नातेवाईकही. तुमच्यानंतर कोण, हे भावंडांना समोर बसवून बोला. सुनेलाही बसवा. उद्या ताट तीच वाढणार आहे.

याच न्यासाची निरामय विमा योजना आहे, वर्षाला १ लाखापर्यंत. आधी तपासणी मागत नाहीत, वयाची अट नाही.

वडील सरकारी नोकरीत असतील तर कुटुंब निवृत्तिवेतनासाठी मुलाचं नाव कार्यालयात आत्ताच नोंदवा. मागाहून फार हेलपाटे पडतात.

नुसतं घरात बसवून ठेवू नका. पुण्यात 'कामायनी' ही संस्था १९६४ पासून अशा मुलांना शिकवते, मोठ्यांना काम देते. एकदा जाऊन बघा तरी.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. येत्या ग्रामसभेला पोराला बरोबर घेऊन जा आणि विचारा, यंदा किती खर्च झाले?