गोबरगॅस मागण्याआधी गोठा मोजा

कापूस-ज्वारीच्या मुलखातले शेतकरी कोल्हापूरला दौऱ्यावर येतात तेव्हा त्यांना गुऱ्हाळ दाखवतात, दूध संस्था दाखवतात आणि परड्यातला गोबरगॅस दाखवतात. निळी ज्योत आणि काजळी नसलेली भांडी पाहून मंडळी हरखतात. परत गेल्यावर ठराव होतो: आम्हालाही अनुदान द्या. माझे म्हणणे एवढेच, की ठरावाला हात वर करण्याआधी प्रत्येकाने आपला गोठा आणि आपले पाणी मोजावे.

चार-पाच माणसांच्या स्वयंपाकाला दोन घनमीटरचे संयंत्र लागते. त्याला रोज सुमारे ५० किलो ओले शेण आणि तेवढेच पाणी घालावे लागते. कोल्हापुरात हे जमते, कारण दारात तीन-चार म्हशी बांधलेल्या असतात. १९६३ साली स्थापन झालेल्या गोकुळ दूध संघाने म्हशीला रोख उत्पन्न दिले, उसाने वाडे दिले आणि नदीने पाणी दिले. बांधलेली म्हैस दिवसाला १५ किलोच्या आसपास शेण देते, आणि ते सगळे हाती लागते.

आपल्याकडे एक बैलजोडी. ती दिवसभर रानात, म्हणजे निम्मे शेण रानातच. सगळे धरले तरी २० किलो. ट्रॅक्टर आल्यापासून कित्येकांच्या दावणीला ती जोडीही उरलेली नाही. आणि मे महिन्यात टँकरच्या गावात रोज ५० लिटर पाणी शेणात कालवायला कोणती मायबहीण राजी होईल? बंद पडलेल्या गोबरगॅसच्या घुमटावर शेणी वाळत घातलेल्या मी पाहिल्या आहेत. ज्याच्याकडे पाच जनावरे आणि बारमाही पाणी आहे त्याने जरूर बांधावा. गॅस मिळतो आणि खतही वाचते. बाकीच्यांनी सरकारच्या उद्दिष्टपूर्तीसाठी खड्डे खणू नयेत.

मग जाळायचे काय? शेण तर नकोच. शेणी जाळली की नत्र धुरात जाते आणि आपण युरियाच्या रांगेत उभे राहतो. आपले खरे जळण पऱ्हाट्या, तुराट्या आणि धसकटे. कोरडवाहू एकरात साधारण टनभर पऱ्हाट्या निघतात. साध्या चुलीत उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा भांड्याला लागतो, तरी त्या टनात चार सिलिंडरांचे काम होते. चूल नीट बांधली तर सात-आठांचे. १९८३ साली सुरू झालेला सुधारित चुलीचा सरकारी कार्यक्रम २००२ साली गुंडाळला गेला. चुली बसवल्याचे आकडे भरले, पण चिरलेली चूल लिंपायला कोणी फिरकले नाही. धुराडे असलेली चूल गावातला गवंडीही बांधतो.

पण पऱ्हाटीत एक घात आहे. न फुटलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी झोपून राहते आणि पावसाबरोबर तिचे पतंग निघतात. २०१७ साली तिने विदर्भ-मराठवाड्यात काय केले ते सांगायला नको. घरामागे रचलेला ढीग म्हणजे तिचा वाडाच. वेचणी संपली की शेळ्या-मेंढ्या सोडून बोंडे खाऊ घाला, मगच पऱ्हाट्या काढा. बंबाला आणि चुलीला आधी त्याच लावा. मेअखेर ढीग संपलाच पाहिजे. पावसाळ्यासाठी तुराट्या राखा; त्यांत ही अळी नसते.

राहिली टाकी. २०१६ च्या उज्ज्वला योजनेने जोडणी दिली, पण भरून आणायचे पैसे ज्वारी विकूनच काढायचे आहेत. म्हणून टाकी ओल्या जळणाच्या दिवसांसाठी, पेरणी-खुरपणीच्या घाईसाठी आणि बाळंतिणीच्या घरासाठी ठेवा. पुढच्या बैठकीला येताना घरातल्या बाईला विचारून या: आठवड्याला मोळ्या किती, शेणी किती, टाकी किती दिवस पुरते. शक्यतो तिलाच घेऊन या. ठराव त्यानंतर लिहू.