बसतो म्हणजे चालतो असं नाही

जुन्या गाड्यांचा नाद असलेल्या लोकांत दोन पंथ आहेत. पहिला 'ओरिजिनल'वाल्यांचा. हेडलाईटच्या काचेवर 'लुकस' अशी अक्षरं दिसली की यांचं समाधान, मग रात्री समोरची म्हैस दिसो न दिसो. दुसरा 'एलईडी टाक ना यार'वाल्यांचा. यांना उजेड भसाभस हवा, मग समोरच्याचे डोळे गेले तरी चालतील. दोन्ही पंथ एकमेकांना तुच्छ लेखतात. माझं मत असं की दोघंही भलताच प्रश्न धरून बसलेत. हेडलाईट घेताना पहिला प्रश्न 'हा माझ्याच गाडीचा का?' हा नाही, आणि 'किती वॉटचा?' हा तर नाहीच नाही. पहिला प्रश्न आहे: याचा उजेड नक्की कुठे पडतो?

विषय निघाला मामाच्या १९६७ च्या ॲम्बॅसेडरमुळे. तिच्या हेडलाईटची जोडी शोधायची जबाबदारी माझ्यावर आली आणि दोन-तीन महिन्यांचे वीकेंड त्यात गेले. पुण्याचा जुना बाजार, मुंबईत कुर्ल्याची भंगार दुकानं, दो टाकी, चोर बाजार, झालंच तर परदेशातल्या विक्रीच्या साईट्स. सगळीकडे एकच उत्तर: "सात इंची आहे ना साहेब? बसेल!"

बसतो, हे अगदी खरं. अमेरिकेने १९४० च्या मॉडेलांपासून सात इंची गोल 'सील्ड बीम' दिवा सगळ्या गाड्यांना सक्तीचा केला. म्हणजे काच, रिफ्लेक्टर आणि फिलामेंट मिळून एकच मोठा बल्ब. गेला की अख्खा बदलायचा. पुढे हे माप जगभर पसरलं. ॲम्बॅसेडर, महिंद्राची जीप, जिप्सी, बुलेट, सगळ्यांना सात इंची डूम. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर इंटरफेस स्टँडर्ड आहे. पण कोड कंपाइल झाला म्हणजे प्रोग्राम बरोबर चालला असं कोणी म्हणतं का? भोकात बसलेला दिवा रस्त्यावर काय करतो ही वेगळीच गोष्ट आहे.

ती कळते काच वाचली की. युरोपियन दिव्याच्या काचेवर गोलात इंग्रजी 'ई' आणि शेजारी आकडा असतो. १ म्हणजे जर्मनी, २ फ्रान्स, ३ इटली, ११ ब्रिटन. पण हा आकडा फक्त मंजुरी कुठल्या देशाने दिली ते सांगतो. खरी गंमत बाणात आहे. दिव्याकडे तोंड करून उभं राहिल्यावर बाण आपल्या उजवीकडे जात असेल तर तो दिवा आपल्यासारख्या डावीकडून चालणाऱ्या देशांसाठी. दोन्हीकडे टोकं असतील तर दोन्हींसाठी जुळवता येतो. आणि बाणच नसेल तर तो उजवीकडून चालणाऱ्या देशांचा. बोश, हेला, सिबिए, मार्शाल, कारेलो, नाव कितीही मोठं असो, नियम तोच.

एवढ्याशा बाणाचं काय घेऊन बसलात? सांगतो. युरोपात १९५७ पासून डिप्परचा उजेड एकसारखा नसतो. समोरच्याच्या बाजूला तो सपाट कापलेला असतो आणि आपल्या कडेच्या बाजूला १५ अंशात वर चढतो. हेतू हा की रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस लांबून दिसावा आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत काही जाऊ नये. आता जर्मनीहून हौसेने मागवलेली, बाण नसलेली जोडी आपल्या गाडीत बसवा. चढणारा भाग थेट उजवीकडे, म्हणजे डिव्हायडर नसलेल्या रस्त्यावर समोरून येणाऱ्या बाईकवाल्याच्या डोळ्यांत. आणि डावीकडचा, अंधारात घरी चाललेला माणूस अंधारातच. तुम्ही डिप्पर मारलेला असतो, नियम पाळलेला असतो, आणि तरी समोरचा आंधळा. अमेरिकन सील्ड बीमचंही तेच. त्यांचा कट एवढा धारदार नसतो, पण रोख उजवीकडेच.

पाहा, 'ओरिजिनल आहे, ब्रँडेड आहे, माप बरोबर आहे', तिन्ही टेस्ट पास, आणि दिवा चूक!

दुसरा घोळ रिफ्लेक्टरचा. जुने रिफ्लेक्टर चांदीच्या मुलाम्याचे. हवेने काळे पडतात. मग कुणीतरी सुचवतं, "क्रोम करून घ्या, चकाचक होईल." होतो खरा चकाचक. पण चांदी नव्वद टक्क्यांहून जास्त उजेड परत फेकते, क्रोम जेमतेम साठ-पासष्ट. दिसायला नवा, कामाला निम्मा. पुन्हा चांदीच चढवा, किंवा व्हॅक्यूममध्ये ॲल्युमिनियम चढवणारा शोधा. आणि कृपा करून ब्रासो लावून घासू नका, मुलामाच निघून येतो.

आता एलईडी पंथाकडे. जुन्या युरोपियन डूममध्ये बसणाऱ्या दोन फिलामेंटच्या बल्बमध्ये डिप्परच्या फिलामेंटखाली एक इवलीशी पत्र्याची वाटी असते. ती रिफ्लेक्टरच्या खालच्या अर्ध्या भागाकडे उजेड जाऊच देत नाही. वरच्या अर्ध्यावरून आपटलेला उजेड खाली रस्त्यावर पडतो. सगळं गणित त्या फिलामेंटच्या जागेवर. स्वस्तातल्या एलईडीत चिप दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे असली की कट गेला, उजेड झाडावर. शिवाय साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला अर्थ केलेलं असे. फिलामेंटला उलटसुलट कळत नाही, एलईडीला चांगलंच कळतं.

"पण जुन्या दिव्यांनी काही दिसतच नाही," हा आक्षेप मात्र रास्त आहे. फक्त गुन्हेगार बहुतेक वेळा दिवा नसून वायरिंग असतं. ५५ वॉटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर साधारण नऊ अँपिअर ओढतात, आणि जुन्या गाड्यांत हा सगळा करंट पन्नास वर्षं झिजलेल्या स्विचमधून जातो. व्होल्टेज दहा टक्के पडलं की उजेड तीस टक्के पडतो. म्हणून आधी अर्थिंग साफ करा, रिले टाका, मल्टिमीटर थेट बल्बच्या होल्डरवर लावून बघा. त्यानंतर हवाच असेल तर पी-४५-टी बुडाचा ६०/५५ वॉटचा हॅलोजन बल्ब मिळतो. जुन्या डूममध्ये तसाच बसतो आणि वाटी जागेवर असते. १००/९० च्या मोहात पडू नका, स्विच वितळेल.

ओरिजिनलवाले म्हणतील, मग वारसा जपायचा नाही का? जपा की! २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' अक्षरांचा व्हिंटेज नंबर मिळतो. पण ती गाडी रोज चालवायची नसते. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल-दुरुस्ती एवढ्यासाठीच. तशा गाडीत तिपाईची दांडी असलेला लुकस पी-७०० शोभून दिसतो, जरूर लावा. पण जी गाडी रात्री आठला सासवड रस्त्यावर जाणार, तिचा दिवा हा दागिना नाही. तो समोरच्याशी केलेला करार आहे. त्या करारावर समोरच्याची सही कोणी घेतलेली नसते, म्हणून तर तो आपणच पाळायचा.

तेव्हा खरेदीला जाताना तीन गोष्टी न्या: मोजपट्टी, एक चालू बल्ब आणि बारा व्होल्टची छोटी बॅटरी. दिवे जोडीनेच घ्या. दोन वेगळ्या काचा दोन वेगळे रस्ते दाखवतात. काच वाचा, बाण बघा, मागे वाकून रिफ्लेक्टरचा रंग बघा. मग दुकानातच दिवा सुलट धरून भिंतीवर डिप्पर पाडा. उजेडाची कड उजवीकडे वर चढत असेल तर भाव कितीही चांगला असो, ठेवून द्या. दुकानदार हसेल. हसू दे. आम्ही चार दुकानांतून तसेच परत आलो. पाचव्याने स्वतःच शटर अर्धं खाली ओढून अंधार करून दिला.