गट उदंड, संघटना कोठे?

पुण्याच्या हिंजवडीत किंवा बंगळूरच्या व्हाइटफील्डमध्ये शनिवारी संगणकतज्ज्ञांचे मेळावे भरतात. सभागृह एखाद्या कंपनीचे, चहा-पिझ्झा तिचाच, आणि प्रारंभी तिच्याच अधिकाऱ्याच्या तोंडून रिकाम्या जागांची जाहिरात. मग व्याख्यान होते, ओळखी होतात आणि उरलेला आठवडा व्हॉट्सॲप वा टेलिग्रामच्या गटावर संभाषण चालते. याला मोठ्या अभिमानाने ‘कम्युनिटी’ म्हणतात. तेथे ज्ञानाची देवघेव होते हे नाकारण्याचे कारण नाही. कित्येक तरुणांना नोकऱ्याही तेथेच लागल्या आहेत. प्रश्न एवढाच की, नोकरी जाते तेव्हा ही कम्युनिटी कोठे असते?

जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सुमारे २ टक्के, म्हणजे १२,००० हून अधिक माणसे कमी करण्याचे जाहीर केले. अशा बातमीनंतर गटांवर काय उमटते? हात जोडल्याची चित्रे आणि ‘बायोडाटा पाठवा’ हा निरोप. कोणी सक्तीच्या राजीनाम्याविषयी लिहिलेच, तर ‘येथे फक्त तांत्रिक विषय’ ही संयोजकाची ताकीद! जणू राजीनामा लिहून घेण्याचे तंत्र हे तंत्र नव्हेच.

या मौनाच्या मुळाशी ‘आम्ही कामगार नाही, प्रोफेशनल आहोत’ हा भ्रम आहे. कायद्याला तो मान्य नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील कामगाराच्या व्याख्येत तांत्रिक कामाचा स्पष्ट उल्लेख होता आणि वेतनाची मर्यादा केवळ पर्यवेक्षकांना होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा घेणाऱ्या औद्योगिक संबंध संहितेनेही हा उल्लेख कायम ठेवला आहे. त्याच संहितेने संपापूर्वी १४ दिवसांची नोटीस सर्वच उद्योगांत सक्तीची केली, याची चर्चा मात्र एकाही मेळाव्याच्या विषयपत्रिकेवर येत नाही.

शिवाय ज्या साधनावर हा समुदाय उभा आहे, ते त्याचे नाही. न्यूयॉर्कमध्ये २००२ साली ‘मीटअप’ निघाले, ते सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अनोळखी शेजारी एकमेकांना भेटावेत या भावनेतून. २०१७ साली ते वीवर्क या जागा भाड्याने देणाऱ्या कंपनीने विकत घेतले, २०२० साली विकून टाकले आणि २०२४ साली ते एका इटालियन कंपनीच्या हाती गेले. माणसांच्या भेटीगाठींचा असा तीनदा सौदा झाला. भेटणाऱ्यांना कोणी विचारले नाही.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्यापाशी यातले काहीच नव्हते. होते ते ‘दीनबंधु’ पत्र आणि गिरणीच्या दारात उभे राहण्याची तयारी. तेवढ्यावर हजारो गिरणी कामगारांच्या सभा भरल्या आणि १८९० साली मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुटी आली. तीच सुटी आज हिंजवडीत लॅपटॉप उघडून खर्ची पडते!

दोष एकट्या संगणकवाल्यांचा नाही. समाजवादी कार्यकर्त्यांनी या वर्गाला ‘गलेलठ्ठ पगाराचे पांढरपेशे’ म्हणून झिडकारले आणि स्वतःची सुटका करून घेतली. जुलै २०२४ मध्ये कर्नाटकात दिवसाचे काम १४ तासांपर्यंत नेण्याची सूचना पुढे आली. तिला उघड विरोध संघटित केला तो २०१७ साली नोंदणी झालेल्या तेथील आयटी कर्मचाऱ्यांच्या युनियनने. गलेलठ्ठ पगारवाल्यांचीच ती युनियन होती.

तेव्हा मेळावे बंद करावेत असे नव्हे. त्यांची जागा बदलावी. कंपनीच्या सभागृहाऐवजी शाळेचा एखादा वर्ग भाड्याने घ्यावा, चहाला वर्गणी काढावी, इतिवृत्त लिहावे आणि संयोजक मतदानाने निवडावा. युनियनच्या नोंदणीसाठी ७ अर्जदार लागतात, आणि सभासद १० टक्के किंवा १००, यांपैकी जे कमी असेल तितके. व्हॉट्सॲपच्या एका गटात १,०२४ माणसे मावतात, म्हणजे संख्येची अडचण नाही. मात्र पहिली नावे गटावर मागू नयेत, घरोघरी जाऊन घ्यावीत. गटात वरिष्ठही असतात.