लॉफलिनचा दाखला मांडवीला लागू नाही

पणजीला लागून वाहणाऱ्या मांडवी नदीच्या पात्रात नांगरून ठेवलेल्या कॅसिनोंचा विषय निघाला, की त्यांचे समर्थक परदेशातील नदीकाठच्या वैभवशाली द्यूतगृहांकडे बोट दाखवतात. अमेरिकेच्या नेवाडा राज्यात कोलोरॅडो नदीच्या तीरावर असलेले ‘रिव्हरसाइड’ हॉटेल हे त्यांपैकी एक ठळक उदाहरण होय. परंतु त्या हॉटेलाचा पूर्वेतिहास जरा सावकाशीने तपासला, तर तो दाखला देणाऱ्यांच्याच अंगावर उलटतो, असे माझे नम्र मत आहे.

कोलोरॅडोवरील डेव्हिस धरणाच्या खालच्या अंगाला, जेथे वाळवंटावाचून दुसरे काही नव्हते, तेथे बंद पडलेले आठ खोल्यांचे एक मोटेल डॉन लॉफलिन या गृहस्थाने १९६४ साली खरीदले. १९६६ साली ते सुरू झाले, तेव्हा चार खोल्यांत त्याचे कुटुंब राहत होते आणि चार प्रवाशांना मिळत होत्या. जुगाराची बारा यंत्रे, दोन मेजे आणि अठ्ठ्याण्णव सेंटांत पोटभर कोंबडीचे जेवण, एवढाच त्याचा सरंजाम होता. आज तेथे सुमारे १,४०० खोल्या, चित्रपटगृह, बोलिंग, जुन्या मोटारींचे प्रदर्शन आणि चाकांवरची घरे घेऊन हिंडणाऱ्यांसाठी स्वतंत्र तळ आहे. या हॉटेलाभोवती वसलेल्या गावाला पुढे लॉफलिनचेच आडनाव मिळाले, आणि पैलतीरावरील ॲरिझोनाशी दळणवळण सुलभ व्हावे म्हणून १९८७ साली नदीवर जो पूल झाला, त्याच्या सुमारे ३५ लाख डॉलरांच्या खर्चाची तजवीजही त्यानेच केली.

द्यूत हे व्यसनच, आणि लॉफलिनचा पूल त्याच्या गिऱ्हाइकांनाही सोयीचा होता, हे मी नाकारीत नाही. तथापि तेथे ओसाड जागी आधी कॅसिनो आला व मागाहून गाव वसले. लॉफलिनने स्वतःच्या मिळकतीवर इमले उठवले आणि सार्वजनिक सोयींत स्वतःची भर घातली. पणजीचा क्रम नेमका उलटा आहे. १८४३ साली राजधानीचा दर्जा पावलेले हे नगर, त्याचा नदीकाठचा रस्ता आणि १९५२ साली उभे राहिलेले हॉटेल मांडवी, हे सर्व येथे कॅसिनोंच्या कितीतरी आधीपासून होते. १९९६ च्या दुरुस्तीने गोव्याच्या जुगारविषयक कायद्यात जहाजांवरील कॅसिनोंना मुभा मिळाली, २००१ साली ‘काराव्हेला’ जहाजावर कॅसिनो सुरू झाला, आणि तेव्हापासून सर्वांच्या मालकीच्या जलमार्गावर एका धंद्याचा तळ पडला तो आजतागायत हललेला नाही. गिऱ्हाइकांची वाहने मात्र दयानंद बांदोडकर मार्गावरच येतात, आणि त्या वर्दळीचा भार पणजीकरांच्या माथी बसतो.

सरकारच्या तिजोरीत यातून महसूल पडतो व अनेक कुटुंबांची चूल पेटते, हे खरे. पण ज्या सरकारने १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना या कॅसिनोंत जुगारासाठी मज्जाव केला, त्याने ही वस्तू आपल्या प्रजेला अपायकारक असल्याची कबुली आपल्याच हुकुमाने दिली आहे. मग तीच वस्तू त्या प्रजेच्या दाराशी नांगरून ठेवण्याचे समर्थन केवळ जमाखर्चाच्या आधारे कसे करता येईल? रोजगाराचा प्रश्न कॅसिनोंच्या स्थलांतराने सुटू शकतो. नदीला मात्र स्थलांतर करता येत नाही.

स्थलांतराच्या घोषणा वारंवार झाल्या आणि प्रत्येक घोषणेमागून मुदतवाढही आली. म्हणून माझी मागणी एवढीच, की मांडवीतील परवान्यांची अखेरची तारीख सरकारने राजपत्रात जाहीर करावी आणि त्यानंतर एकाही परवान्याचे नूतनीकरण करू नये. ज्यांना हा व्यवसाय करणेच असेल त्यांनी वस्तीपासून दूर, स्वतःच्या जमिनीवर तो करावा, आणि रस्ता, पाणी व सांडपाणी यांचा खर्च परवान्याच्या अटींतच त्यांच्यावर बसवावा. लॉफलिनचा दाखला द्यायचाच असेल, तर तो असा पुरता द्यावा.

आपला,
एक पणजीकर वाचक