पडलेल्या झाडाचा कट्टा

वळवाच्या पहिल्या पावसात नाशिकमध्ये कुठे ना कुठे झाड पडतंच. पुढचा सीन तुम्हीही पाहिलाय. गाडी येते, करवत चालते, रस्ता मोकळा होतो. आपण स्टोरी टाकतो आणि विसरतो. ज्या सावलीत आपण टपरीचा चहा प्यायलो, ते खोड अनेकदा जळणात जातं.

आमचं म्हणणं साधं आहे. कॉलेजच्या आवारात झाड पडलं, तर त्याचा एक तरी बाक त्याच आवारात राहायला हवा.

हे वाटतं तितकं अवघड नाही. खोड उभं चिरून दोन इंच जाडीची फळी काढायची. कडा सरळ कापायच्या नाहीत. साल काढून झाडाची वळणं तशीच ठेवायची. तडा असेल तर लपवायचा नाही. त्याच्यावर आडवा, डमरूच्या आकाराचा कठीण लाकडाचा तुकडा खाचेत बसवायचा. तडा वाढत नाही आणि नक्षीही होते. जपानी वंशाचे अमेरिकन कारागीर जॉर्ज नाकाशिमा यांच्या कामाची ही ओळखच होती. १९३०च्या दशकात ते पुद्दुचेरीत, अरविंद आश्रमाच्या 'गोलकोंड' इमारतीच्या कामावर होते. आपण सोबत पितळेची पट्टीही जडवू शकतो. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या गावात ती शोधायला लांब जायला नको. पाय लोखंडाचे. सातपूर-अंबडला वेल्डिंग करणारे हात कमी नाहीत.

घाई मात्र चालत नाही. ओलं लाकूड वाळताना आकसतं, वाकतं. सावलीत, हवेवर वाळवायचं तर इंचाला साधारण एक वर्ष धरतात. म्हणजे एफवायला फळी रचली, तर टीवायला बाक! पावसाळ्यात लाकूड पुन्हा फुगतं. म्हणून पायांच्या पट्टीला गोल नाही, लांबट भोकं पाडायची. लाकडाला हलायला जागा मिळाली नाही, तर फळी तडकते.

आता खरा मुद्दा. २०२५च्या नोव्हेंबरात तपोवनातल्या झाडांसाठी नाशिककर रस्त्यावर उतरले. तुमच्यापैकीही काही जण तिथे असतील. म्हणून स्पष्टच सांगतो, बाक हे झाड तोडायचं निमित्त होता कामा नये. शहरात झाड तोडायचं तर १९७५च्या कायद्याने परवानगी लागते; २०२१च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड 'हेरिटेज' धरलं जातं. उभं झाड उभंच राहू दे. कितीही देखणा बाक केला, तरी तो सावलीची भरपाई नाही.

पण जे पडलंच आहे, त्याचं काय करायचं हे आपण ठरवू शकतो. आपल्यापैकी किती जणांनी रंधा हातात धरलाय? पीपीटी सगळ्यांना येते. एखाद्या सुतारकाकांना कॉलेजवर बोलवा, त्यांच्या कामाचे पैसे द्या आणि त्यांच्याकडून शिका. आयटीआयच्या मित्राला सोबत घ्या. एनएसएसच्या पुढच्या मीटिंगमध्ये विषय काढा. प्राचार्यांना अर्ज द्या. पडलेलं खोड हलवण्याआधी महापालिकेच्या उद्यान विभागाला विचारा.

आणि बाक झाला की त्यावर स्वतःची नावं कोरू नका. झाडाचं नाव आणि ते पडलं ते साल, एवढंच कोरा. शेजारी एक रोप लावा. तुम्ही पास होऊन जाल. त्याला पाणी कोण घालणार, हे मात्र जायच्या आधी ठरवा.